केसपेपरावरची बैलगाडी

आमच्या भागात कुणाला मोटारीचा अपघात झाला, की दवाखान्याच्या खालोखाल लोक माझ्या घराचा पत्ता विचारतात. मी ना वकील, ना डॉक्टर. अमळनेरपासून तीन कोसांवरच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंतची पोरं हाकणारी एक मास्तरीण. पण मी मांडी मोडून घेतली, अडीच महिने पाठीवर पडून काढले आणि नंतर कुबड्यांवर कोर्टाच्या पायऱ्या चढले, त्यामुळे लोकांना वाटतं, बाईंना सगळं ठाऊक आहे. सगळं नाही. जे ठाऊक आहे ते चुका करून शिकले, म्हणून विसरत नाही. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून घसा बसतो, तेव्हा एकदाचं लिहूनच ठेवते.

मोटार उलटली तो दिवस

धुळ्याला नात्यात साखरपुडा होता. यांना तेलाच्या गिरणीतून सुट्टी मिळेना, म्हणून मी नानांबरोबर निघाले. नाना म्हणजे यांचे थोरले भाऊ, माझे जेठ. गावात पंच म्हणून मान, शब्दाला वजन. आम्ही एका खासगी सर्व्हिस मोटारीनं चाललो होतो. नाना पुढं पुरुषांत, मी मागं बायकांत.

जिल्ह्याची हद्द ओलांडून धुळ्याच्या बाजूला आल्यावर एका नाल्याच्या वळणावर मोटार कलंडली. फार वेगात होती, एवढंच मला सांगता येईल. आधी टोपल्या आल्या अंगावर, मग माणसं, मग बाकडं. बाकड्याखाली माझी डावी मांडी होती. आवाज मी ऐकला. कुणीतरी उसाचं कांडं मोडावं तसा तो आवाज होता, आणि तो माझ्याच अंगातून आला हे कळायला थोडा वेळ लागला.

नानांना खरचटलंही नव्हतं. त्यांनी मला उचललं. जेठानं भावजयीला हात लावायचा नसतो, पण त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. मागून येणारा कापसाचा ट्रक थांबवला, गाठींवर मला आडवं केलं आणि धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. माझा जीव वाचला तो नानांमुळे. पुढं त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचताना हे वाक्य ध्यानात ठेवा.

दवाखान्याच्या दारात कारकुनानं विचारलं, "काय झालं?"

नाना म्हणाले, "बैलगाडीवरथून पडनी."

मी शुद्धीवर होते. ऐकलं. कारकुनानं लिहिलं, आणि मी गप्प राहिले.

गप्प का राहिले

बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं जेठासमोर तोंड उघडायचं नसतं. पदर पुढं ओढायचा आणि काय सांगायचं ते जेठाणीला सांगायचं. माझी जेठाणी म्हणजे अक्का. नाना हातभर अंतरावर बसलेले असायचे आणि मी म्हणायचे, "अक्का, नानांना सांगा, चहा निवतोय." अक्का सांगायच्या. नाना म्हणायचे, "तिले सांग, पेस." म्हणजे पितो. अक्का मला सांगायच्या. आठ वर्षं आमचं घर असं चाललं होतं आणि छान चाललं होतं. शाळेत साठ पोरांना दम देणारी मी घरात जेठापुढं मुकी. याचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

आणि नाना खोटं का बोलले? भ्याले. त्यांच्या डोक्यात हे पक्कं, की मोटारीचा अपघात म्हटलं की पोलीस केस, पोलीस आल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत, आणि मग घरच्या बाईला चौकीत जबानीला उभं करतात. यातलं काही खरं नाही. पोलिसांना कळवणं हे दवाखान्याचं काम, आणि इलाज त्यासाठी कुणी थांबवत नाही. पण खेड्यातली दहांतली नऊ माणसं आजही नानांसारखंच करतात. कुणी जिन्यावरून पडतो, कुणी झाडावरून. आमच्या घरात बैलगाडी होती, म्हणून मी बैलगाडीवरून पडले.

कागदावर बैल

मांडीच्या हाडाला तेव्हा एकच उपाय होता. पायाला दोरी, दोरीला कप्पी आणि कप्पीवरून लोंबणारं वजन. हलायचं नाही. सकाळी फिनेलचा वास, मग चहा, मग भंगिणीचा झाडू, मग डॉक्टरांची फेरी. मला छताच्या बाविसाच्या बावीस तुळया पाठ झाल्या.

शेजारच्या खाटेवर सरूबाई होती. खडी फोडताना मनगट मोडलेली. उशाशी बुद्धाची लहानशी तसबीर आणि तोंडात अखंड बडबड. पंधरा दिवस तरी झाले असतील, डॉक्टरांनी फेरीत माझा केसपेपर मोठ्यानं वाचला, "बैलगाडीवरून पडून डावी मांडी..." ते पुढं गेले, तशी सरूबाई कोपरावर उठली.

"मास्तरीन, तू मोटारमा व्हती ना?"

"हो."

"मंग कागदवर बैल कथाईन ऊनात?"

बैल कुठून आले! मला हसू आलं. हसल्यावर मांडीतून कळ आली, आणि मग रडू. सगळं सांगितलं तिला. ती म्हणाली, "मना भाऊ कोर्टमा पट्टेवाला शे. त्याले इचारसू मी."

मोठमोठ्या शिकलेल्यांनी जे सांगितलं नाही ते एका पट्टेवाल्यानं सांगितलं. तो येऊन, टोपी काढून, खाटेच्या पायथ्याशी उभा राहून म्हणाला: बाई, ड्रायव्हरवर पोलीस जो खटला भरतील तो सरकारचा. त्यात त्याला शिक्षा होईल न होईल, तुमच्या पायाला त्यातून काही मिळणार नाही. तुमचा अर्ज वेगळा. मोटारीच्या अपघातासाठी वेगळं न्यायाधिकरण असतं आणि आमच्या जिल्ह्याचे जजसाहेबच ते चालवतात. अपघात ज्या जिल्ह्यात झाला तिथंच अर्ज द्यायचा, म्हणजे तुमचा धुळ्यात. मोटारमालक आणि त्याची विमा कंपनी, दोघांनाही त्यात ओढायचं. आणि मुदत साठ दिवस.

तेव्हा साठच होते. आता कायद्यानं सहा महिने केले आहेत. पण सहा महिने आहेत म्हणून पाच महिने झोपू नका.

केळी आणि कागद

आता मला काय हवं होतं ते स्पष्ट सांगते, कारण लोक अजून म्हणतात की बाई पैशाच्या मागं लागली. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, की हाड वाकडं जुळतंय. सुटल्यावर पाय अडीच-तीन बोटं आखूड राहील. पुण्याला नेऊन हाड पुन्हा उघडून आत सळई घातली, तर सरळ होईल. तो खर्च यांच्या गिरणीच्या पगारात सात जन्मांत बसला नसता. आणि शाळेत साहेबांचा निरोप आला होता, की उभं राहून शिकवता येत नसेल तर जागा रिकामी करावी. म्हणजे ऑपरेशन नाही तर पाय नाही, आणि पाय नाही तर शाळा नाही. शाळेशिवाय मी म्हणजे कोण, हे मला त्या छताकडं बघून काही केल्या सुचत नव्हतं.

अशात एक दिवस मोटारमालकाचे मुनीमजी आले. फैजपूरकडच्या केळ्यांच्या फण्याच फण्या, गोड बोलणं, आणि खिशात टंकलेला कागद. नाना त्या दिवशी आले होते. अक्काही होत्या.

"मालकांना फार वाईट वाटलं," मुनीमजी म्हणाले. "औषधपाण्याचं आम्ही बघतो. बाईंनी नुसती सही करायची. कशाला कोर्टकचेरी? शिवाय कागदपत्रात तर त्या बैलगाडीवरून पडल्यात."

शेवटचं वाक्य फार मऊ आवाजात आलं. दवाखान्यातलं त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

नानांनी कागद घेतला, चष्मा नव्हता म्हणून लांब धरला आणि अक्कांना म्हणाले, "तिले सांग, सही करी दे. मानना प्रश्न शे, गोडीमा मिटी जाई."

अक्का माझ्याकडं वळल्या. मी कागद मागितला. वाचणं हा माझा धंदा आहे. वर सांत्वन, मधे औषधाची मामुली रक्कम आणि शेवटी एक ओळ, की या घटनेबाबत माझी कोणाविरुद्ध कसलीही तक्रार नाही व पुढे राहणार नाही. हा कागद ओळखायला शिका. तो नेहमी फळांबरोबर येतो.

मी पदर मागं सारला. पाठीवर पडलेल्या बाईचा पदर तसाही कुठं राहतो म्हणा.

"नाना," मी म्हटलं, अक्कांना नाही, नानांनाच. "मी बैलगाडीवरथून पडेल नही शे. तुमले बी ठाऊक शे. मी सही करणार नाही."

नानांचा चेहरा उतरला. त्यांनी टोपी घातली आणि निघून गेले. मुनीमजींनी केळी मात्र ठेवली. सरूबाईनं ती सगळ्या वॉर्डाला वाटली.

अबोला

त्यानंतर नाना आले नाहीत. अक्का एक दिवसाआड डबा घेऊन यायच्या, मोटारीनं, जीव मुठीत धरून. डबा ठेवायच्या आणि गप्प बसायच्या. एकदा फक्त म्हणाल्या, "त्या जेवनात नही काल." म्हणजे नाना जेवले नाहीत. मला वाटलं ओरडावं, की मीही जेवले नाही. ओरडले नाही. अपराधी वाटत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एकदम.

हे बिचारे दोघांच्या कात्रीत. रविवारी यायचे, माझ्या पायाला तेल चोळायचे आणि म्हणायचे, "दादांचं पण चूक नाही गं." मी विचारायचे, "मग कुणाचं चूक?" तर म्हणायचे, "तुझं पण नाही." असा नवरा भांडायलाही उपयोगाचा नाही.

पट्टेवाल्यानं वकील पाठवले. मारवाडी कापड दुकानदाराचे चिरंजीव, पण अहिराणी माझ्याहून फर्डी. अंगात कोट, हातात टिफिन, कारण माझ्याकडं येणं त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत बसायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बोटांवर मोजत सांगितलं. पोलिसांच्या पंचनाम्यात जखमींच्या यादीत माझं नाव नाही, कारण पोलीस येण्याआधीच मी ट्रकवर होते. तिकीट नाही, ते टोपल्यांबरोबर नाल्यात गेलं. दवाखान्याचा कागद म्हणतो, बैलगाडी.

"अर्ज मी करतो," ते म्हणाले. "पण ज्यांनी हे लिहवून घेतलं त्यांनी उभं राहून सांगावं लागेल, की मी खोटं सांगितलं. दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही."

गावातल्या पंचानं भर कोर्टात म्हणायचं, मी लबाड बोललो. मी वकिलांना म्हटलं, ते येणार नाहीत. वकील म्हणाले, "विचारलं का?" मी म्हटलं, "आम्ही बोलत नाही."

वकीलपत्रावर सही करायची म्हणजे दुसरी गंमत. सपाट पडून वर धरलेल्या कागदावर शाईचं पेन चालत नाही, शाई उलटी नाकावर. तीन कागद नासले. शेवटी सरूबाईनं एक पाटी कुठूनतरी पैदा केली, परिचारिकेनं मान आधारानं उचलून धरली आणि मी पहिलीतल्या पोरासारखी वाकडीतिकडी सही केली.

नाना आले

मुदतीला आठ-नऊ दिवस उरले असताना दुपारी नाना आणि अक्का आले. नाना खाटेपासून दूर, खिडकीशी उभे. अक्कांनी डबा ठेवला, तांब्या रिकामा बघितला आणि पाणी आणायला गेल्या. नळावर बहुतेक रांग असावी.

आम्ही दोघंच राहिलो. नानांनी दाराकडं पाहिलं. अक्का येईनात. त्यांनी घसा खाकरला. पुन्हा दाराकडं पाहिलं. मी काही मदत केली नाही. इतकी वर्षं मी वाट पाहायला शिकले होते, थोडी त्यांनीही पाहावी.

शेवटी खिडकीच्या गजाला उद्देशून म्हणाले, "वकील कोठे ऱ्हास?"

मी पत्ता सांगितला.

"चावडीवर मी दुसरासले सांगस, खरं बोला," ते गजालाच म्हणाले. "तीन आठवडा व्हयनात, चावडीवर जायेल नही मी." मग पहिल्यांदाच माझ्याकडं वळले. "तुना पाय मन्हामुळे गया ते मी काय करू, माय?"

एवढा मोठा माणूस, आणि मला विचारत होता, काय करू. माझा राग तिथंच गेला. मी म्हटलं, "नाना, तुम्ही उचललं नसतं तर मी नाल्यातच राहिले असते. बसा तुम्ही." अक्का पाणी घेऊन आल्या तेव्हा आम्ही दोघं समोरासमोर बोलत होतो. त्या दारातच थबकल्या, मग म्हणाल्या, "मंग माले आते काम काय?"

अर्ज मुदतीत गेला. सोबत नानांचं शपथपत्र.

पिंजऱ्यात

कोर्टात वेळ लागतो, हे आधीच मनाला सांगून ठेवा. आमची पाळी यायला वर्षावर लोटलं. तोवर मी कुबड्यांवर, शाळेतून बिनपगारी रजेवर, आणि रोज संध्याकाळी वेशीपर्यंत चालायचा सराव. दर तारखेला निराश होऊन परतायचं नाही. तारीख म्हणजे धुळ्याच्या बाजारात भाजी घ्यायची संधी, असं मी ठरवलं होतं.

माझी जबानी आधी झाली. मी बोलले. बोलायची मला सवयच आहे. मग नाना पिंजऱ्यात गेले. पांढरं धोतर, नवी टोपी, हात कठड्यावर. जजसाहेब कोकणातले होते. अहिराणी अडली की शिरस्तेदार समजावून सांगत होते. नानांनी मोटार, नाला, ट्रक, सगळं नीट सांगितलं. मग विमा कंपनीचे वकील उठले.

"दवाखान्यात तुम्ही बैलगाडी सांगितलीत?"

"हा."

"आज मोटार सांगता. म्हणजे तिथं खोटं बोललात की इथं बोलताय?"

"तठे खोटं सांगं. आठे खरं सांगी राहिनू."

"भरपाईची आशा लागली म्हणून?"

नानांनी मान वळवून पाहिलं. मागं आमच्या गावची चार माणसं बसली होती. त्यांना नानांनी स्वतःच बोलावलं होतं, हे मला नंतर कळलं. जजसाहेबांनीच मग विचारलं, "त्या दिवशी खोटं का सांगितलंत?"

"घाबरेल व्हतू, साहेब. पोलिसले. लोके काय म्हनतीन, त्याले."

"आणि आज घाबरत नाही?"

"घाबरी राहिनू," नाना म्हणाले. "पन सांगी राहिनू."

शिरस्तेदार समजावून सांगायला उठले. जजसाहेबांनी हातानं त्यांना बसवलं. कळलं होतं त्यांना.

निकाल

अजून पाच महिन्यांनी निकाल लागला, आमच्या बाजूनं. मागितलं होतं तितकं सगळं मिळालं नाही, तसं कुणालाच मिळत नाही. पण पुण्याच्या ऑपरेशनला पुरलं आणि थोडं उरलं. पायात सळई बसली. आज पाय अर्ध्या बोटानं आखूड आहे, चपलेला जाड टाच लावून घेते आणि चौथीच्या वर्गात उभी राहून शिकवते. कधी लंगडते, तेव्हा पोरं माझी नक्कल करतात, आणि मी त्यांना ती नीट करून दाखवायला लावते.

तुमच्यावर वेळ आली तर एवढंच करा. दारातल्या कारकुनाला खरं सांगा. सांगणारा चुकत असेल, मग तो कितीही थोर असो, तिथल्या तिथं तोंड उघडा. माझं दीड-दोन वर्षांचं दुखणं त्या एका गप्प बसण्यातून वाढलं. आणि उशीर झाला असेल तरी घरच्या माणसाला विचारून बघा. मी न विचारताच ठरवून टाकलं होतं, की नाना येणार नाहीत.

निकाल इंग्रजीत होता. कोर्टाच्या व्हरांड्यात उभे राहून वकील आम्हाला तो मराठीत सांगत होते. हे माझी कुबडी धरून उभे, अक्कांनी पदराला गाठ मारलेली, नाना खांबाला टेकलेले. वकील भरपाईच्या परिच्छेदाकडं निघाले होते, तेवढ्यात नानांनी त्यांना थांबवलं.

"मनाबद्दल काय लिखेल शे?"

वकिलांनी दोन पानं मागं उलटली. शोधलं. मग म्हणाले, "लिहिलंय, हा साक्षीदार स्वतःचा मान बाजूला ठेवून बोलला. मी त्याच्यावर विश्वास ठेवतो."

नाना खाली पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"परत वाचा," ते म्हणाले.

वकिलांनी परत वाचलं. नानांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. किती मिळाले ते त्यांनी विचारलंच नाही. घरी गेल्यावर मीच त्यांना सांगितलं.